पाच महिन्यांचं बाळ, तीन क्रीम आणि न जाणारं पुरळ

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा साडेपाच महिन्यांचा, अंगावर पिणारा. महिन्याभरापूर्वी तळपायांवर पाण्याने भरलेले बारीक फोड आले, मग काखेत, पोटावर, मांड्यांवर लालसर पुटकुळ्या. ताप नाही, दूध नीट पितो, वजन वाढतंय. दिवसभर खेळतो, रात्री दहानंतर मात्र किरकिर, पाय घासणं, झोप नाही. तीन ठिकाणी दाखवलं. पहिल्यांदा घामोळं म्हणाले, दुसऱ्यांदा ॲलर्जी, तिसऱ्यांदा उष्णता. मेडिकलमधून आणलेल्या एका क्रीमने चार दिवस उतार पडला, बंद केल्यावर दुप्पट उठलं. सासूबाई म्हणतात आईच्या खाण्यातून येतंय, म्हणून ताईंनी शेंगदाणे, दही, वांगी, अंडी, तुरीची डाळ सगळं सोडलंय. नवऱ्याला द्राक्षबागेच्या फवारणीचा संशय. आणि अगदी शेवटी जाता जाता एक ओळ: "मलाही मनगटाला खाज येते, पण ते भांड्याच्या साबणामुळे असावं."

ताई, तुमचा बाकीचा सगळा मजकूर एका पारड्यात ठेवला आणि ही शेवटची ओळ दुसऱ्या, तर मी दुसरं पारडं उचलेन. बाळाला न बघता छातीठोक निदान करणं बरं नव्हे, पण सांगलीत त्वचारोगांची ओपीडी चालवून मला पंचवीस वर्षं होत आली आहेत आणि तुमचं वर्णन वाचताना माझ्या डोक्यात एकच नाव आलं: खरूज. तसं नाही हे कुणी नीट तपासून सांगेपर्यंत मी तरी तीच धरून चालेन.

कसं, ते सांगते. पुरळ घेऊन आलेल्या बाळाला मी पूर्ण उघडं करायला लावते, लंगोट, मोजे, टोपडं सगळं काढून. पुरळ कुठं आहे ते आईने दाखवलेलंच असतं. मला बघायचं असतं ते कुठं नाही. घामोळं मानेच्या वळ्यांत, पाठीवर, कपाळावर, टोपड्याच्या काठाखाली येतं. तळपायावर येत नाही. त्यामुळे पहिलं निदान तिथंच गळतं. या वयातला एक्झिमा, ज्याला आपल्याकडे सर्रास 'ॲलर्जी' म्हणून मोकळे होतात, तो गालांवर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला असतो, कातडी कोरडी खरखरीत असते, आणि लंगोटाखालची जागा बहुतेक वेळा स्वच्छ राहते, कारण ती ओलसर असते. तुमच्या बाळाचे गाल कसे आहेत ते तुम्ही लिहिलेलंच नाही. गालावर डाग असते तर तुम्ही पहिल्या ओळीत लिहिलं असतं, म्हणून ते साफ असावेत असं धरते. खाण्यातून उठणाऱ्या गांधी तर एका जागी टिकतच नाहीत. एखाद्या गांधीभोवती बॉलपेनने गोल काढा. चोवीस तासांत ती त्या गोलातून नाहीशी होते आणि दुसरीकडे उठते. तळपायाचे फोड महिनाभर तिथंच आहेत म्हणजे त्या गांधी नव्हेत. फवारणीचं म्हणाल तर औषधाचा त्रास उघड्या अंगावर आधी दिसेल, चेहरा आणि हात. मोज्यातला तळपाय आणि मिटलेली काख सोडून फवारा कसा पोचेल? (बागेतून आल्यावर नवऱ्याने अंघोळ करून, कपडे बदलूनच बाळाला घ्यावं, हे मात्र पुरळ असो वा नसो.)

उरतं काय? तळपाय, काखा, पोट, मांड्या आणि रात्रीची खाज. मोठ्या माणसाची खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटाच्या आतल्या बाजूला, बेंबीभोवती, कमरेला असते, आणि मानेच्या वर सहसा जात नाही. तान्ह्या बाळात तिचा नकाशाच वेगळा. तळहात, तळपाय, काखा, कधी डोकं आणि चेहरासुद्धा. फोड पाण्याचे, कधी पुवाचे. काखेत नि जांघेत तपकिरी लाल टणक गाठी. शिवाय एवढ्या लहान बाळाला नीट खाजवताही येत नाही. ते पाय पायावर घासतं, अंग वळवतं, रडतं. म्हणून आई म्हणते "झोपत नाही," "खाजवतंय" असं म्हणत नाही, आणि ऐकणारा डॉक्टर पोटात गॅस शोधत बसतो.

यात मीही फसलेली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात आटपाडीकडचं एक सात महिन्यांचं बाळ मी दोन महिने एक्झिमा म्हणून बघत होते. मॉइश्चरायझर बदलून झालं, साबण बदलून झाला. तिसऱ्या खेपेला आईऐवजी आजी आली होती. मी बाळ तपासत असताना ती माझ्यासमोर बसून डाव्या हाताच्या बेचक्या उजव्या हाताने करकरा खाजवत होती. विचारलं तर म्हणाली, "हे व्हय, माझं जुनंच हाय." जुनंच म्हणजे तीन महिन्यांचं. घरातली सात माणसं खाजवत होती आणि मी एकाला क्रीम देत होते. तेव्हापासून कुणाच्याही बाळाचा पुरळ असो, माझा दुसरा प्रश्न ठरलेला: घरात आणखी कुणाला खाजतं का? आणि "नाही" असं उत्तर आलं तरी मी सोबत आलेल्यांचे हात बघते. आई म्हणते साबणामुळे, बाबा म्हणतात उसाच्या पाचटामुळे, आजी म्हणते वयामुळे. प्रत्येकाकडे आपापलं कारण असतं आणि ते एकमेकांना सांगत नाहीत.

लाजेचं म्हणाल तर तिची काही गरज नाही. खरूज म्हणजे घाण राहणारी माणसं, हा समज आपल्याकडे घट्ट आहे, म्हणूनच काही डॉक्टरही तो शब्द उच्चारायला कचरतात आणि 'उष्णता' म्हणतात. खरूज होते ती एका किड्यामुळे. तो अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो, कातडीच्या वरच्या थरात बोगदा करून राहतो, आणि एका माणसाच्या अंगावर साधारणपणे दहापंधराच असतात. रोज दोनदा अंघोळ करणाऱ्याच्या अंगावरूनही तो धुऊन जात नाही. त्याला लागतं ते अंगाला अंग लागून बराच वेळ राहणं. आपल्या घरात बाळाला कोण अंगाशी घेत नाही? एका अंथरुणात झोपणं, एकाच वाकळेत गुरफटणं, मांडीवर घेऊन पाजणं, सगळं मायेचंच. 2019 च्या महापुरात माणसं दाटीवाटीने एकत्र राहिली, त्यानंतरच्या महिन्यांत माझ्याकडे घरंच्या घरं खाजवत आली होती, त्यात चांगल्या बंगल्यातलीही होती.

खरूज घरात कुठून आली हे शोधायचं असेल तर दिनदर्शिका उलटी चाळा. पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला किडा अंगावर आल्यावर चार ते सहा आठवड्यांनी खाज सुटते, कारण खाज ही किड्याच्या चावण्याची नसून शरीराने त्याच्याशी मांडलेल्या भांडणाची असते. तुमच्या बाळाला महिन्यापूर्वी सुरू झालं, म्हणजे त्याच्याही मागे महिना-दीड महिना. बाळ तीन महिन्यांचं. त्या सुमारास बहुधा तुम्ही माहेराहून सासरी आला असाल. वाटेत कुणाकडे राहिलात? होस्टेलवरून सुट्टीला आलेला भाचा, बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी, कुणाच्या कुशीत बाळ झोपलं? हे दोष द्यायला विचारायचं नाही. त्या घरालाही औषध लागेल, नाहीतर पुढच्या सणाला ती परत येईल.

आता त्या क्रीमबद्दल. तुम्ही नाव लिहिलं नाही, पण चार दिवसांत उतार आणि बंद केल्यावर दुप्पट हा स्वभाव मी ओळखते. आपल्याकडे एकाच नळीत तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक कालवून विकलं जातं आणि प्रत्येक लाल डागावर तेच दिलं जातं. कायद्याने अशा बऱ्याच क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. काउंटरवर काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. स्टेरॉइडने सूज आणि खाज दबते, किडा मात्र मजेत वाढतो, आणि नंतर पुरळाचा चेहरामोहराच बदलतो. मग तिसऱ्या डॉक्टरला ते ओळखू येत नाही यात त्याचा दोष थोडाच आहे. तान्ह्या बाळाची कातडी पातळ, लंगोट वरून झाकणीसारखा बसतो, त्यामुळे हे औषध मोठ्यांपेक्षा जास्त आत शोषलं जातं. ती नळी आजपासून थांबवा.

खात्री करून घ्यायला त्वचारोगतज्ज्ञ भिंगाच्या छोट्या उपकरणाने बोगद्याच्या टोकाला बसलेला किडा शोधतात, किंवा कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सापडला तर प्रश्न मिटला. नाही सापडला तर खरूज नाही असं होत नाही. दहाबारा किडे अख्ख्या अंगावर आणि आपण खरवडतो चण्याएवढी जागा. अशा वेळी अंगावरच्या जागा, रात्रीची खाज आणि घरातले हात यांवर निदान करावंच लागतं.

उपचार सोपा आहे, तो फसतो फक्त अर्धवट केल्यामुळे. दोन महिन्यांवरच्या बाळाला सहसा पाच टक्क्यांचं पर्मेथ्रिन क्रीम देतात. त्याहून लहान असेल तर गंधकाचं मलम, डॉक्टरने प्रमाण ठरवून. (बागेत मारायचं गंधक घरात आहे म्हणून तेलात कालवून लावू नका. हसू नका, लावलेलं बघितलंय.) रात्री, अंग कोरडं असताना, क्रीम बाळाच्या पूर्ण अंगाला लावायचं: टाळू, कपाळ, कानांमागे, बोटांच्या बेचक्या, तळवे, बेंबी, लंगोटाखाली, नखांच्या कडांना. डोळे आणि तोंडाभोवतीची जागा तेवढी सोडायची. हाताला मोजे घाला म्हणजे ते चाटणार नाही. आठ ते बारा तासांनी कोमट पाण्याने अंघोळ. मधे शी केली की धुतलेल्या जागी पुन्हा लावायचं. तुम्हीही लावणार आहात, तेव्हा पाजण्याआधी स्तनाग्रं पुसून घ्या आणि पाजून झाल्यावर तिथे परत लावा. आठवड्याने हे सगळं पुन्हा एकदा.

आणि त्याच रात्री घरातल्या प्रत्येकाने लावायचं, खाज असो वा नसो. इथेच गाडी अडते. सासरे म्हणतात, मला काय झालंय? त्यांना अजून खाज सुटलेली नसेल, सहा आठवड्यांनी सुटेल आणि मग बाळाला परत मिळेल. तुमच्या घरी हे बोलणं अवघड जाणार असेल तर डॉक्टरांना सांगा की चिठ्ठीवर सगळ्यांची नावं लिहा. सुनेच्या तोंडचं पटत नाही ते चिठ्ठीवरचं पटतं, हा माझा जुना अनुभव. गरोदर जाऊ असेल किंवा अगदी तान्हं दुसरं मूल असेल तर त्यांचं वेगळं विचारा. गॅमा बेंझिन हेक्साक्लोराइड नावाचं जुनं लोशन कुणी आणून दिलं तर ते बाळाला लावू नका. कातडीतून शोषलं गेलं तर झटके येऊ शकतात.

अंगाबाहेर हा किडा दोनतीन दिवसांहून जास्त जगत नाही, त्यामुळे घर जंतुनाशकाने धुवायची काही गरज नाही. मागच्या तीन दिवसांतले कपडे, चादरी, टॉवेल, दुपटी, झोळीचं कापड गरम पाण्यातून काढा आणि उन्हात वाळवा. वाकळ धुणं होत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, काखेतल्या गाठी तर काही महिने. मेलेल्या किड्यांचा कचरा कातडीत असेपर्यंत भांडण चालू राहतं. त्यासाठी पुन्हा पुन्हा क्रीम लावलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि मग नवाच पुरळ उठतो.

खरूज नाही असं डॉक्टरांना वाटलं, तर मग मी घरातल्या वस्तूंकडे वळेन. आपल्या भागात माझी पहिली नजर बिब्ब्यावर जाते. जतकडचं एक बाळ आलं होतं, चार महिन्यांचं. छातीवर आणि दंडावर काळपट रेघा आणि त्यांच्या कडेने फोड. अशी रेघ निसर्ग काढत नाही, ती काहीतरी लागल्याची असते. गळ्यात, करदोट्यात, पाळण्याला काही नव्हतं. शेवटी कळलं, आजीने टाचेच्या भेगांत बिब्बा भरला होता आणि त्याच हातांनी बाळाला तेल लावलं होतं. आजीला काही झालं नाही, बाळाच्या अंगावर मात्र बिब्बा उतला. बिब्ब्याचं तेल लागल्यावर एकदोन दिवसांनी फोड येतात, त्यामुळे आज पुरळ दिसला की आजचं नव्हे तर परवाचं आठवावं लागतं. दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या अंगावर बिब्बा बांधायची रीत अजून आहे. बांधायचाच असेल तर दाराला बांधा.

पावसाळ्यात अशीच भाजल्यासारखी रेघ आणखी एका गोष्टीने येते: लाल-काळा, मुंगीसारखा लांबट किडा दिव्याकडे येतो, अंगावर चिरडला की त्याच्या रसाने कातडी भाजते. कोपराच्या किंवा मानेच्या घडीत आला तर समोरासमोर दोन सारखे डाग उमटतात. झोपताना बाळाच्या डोक्यावरचा दिवा बंद ठेवला की निम्मं काम होतं.

मग डाळीच्या पिठाने खसाखसा चोळणं, वेखंडाची पूड, कापूर घातलेलं तेल, धुरी. परंपरेचा मला राग नाही, मीही याच अंगणात न्हालेय. पण कापूर बाळाच्या अंगाला नकोच, त्यानेही झटके येऊ शकतात. बोरिक पावडरही नको. चोळण्याने कोरडी कातडी सोलवटते. बोअरचं जड पाणी आणि कडक साबण यांनी एक्झिमा असलेल्या बाळाचा त्रास वाढतो. साधं खोबरेल चालतं. एक्झिमाच निघाला तर पाच-दहा मिनिटांची कोमट अंघोळ, टिपून घेतलेलं अंग आणि ओलसरपणा असतानाच जाडसर मॉइश्चरायझर, दिवसातून दोनदा, हेच निम्म्याहून अधिक औषध असतं. लंगोटाचं पुरळ जांघेच्या घडीत शिरलं असेल आणि कडेला सुटे ठिपके असतील तर बुरशी, घडी सोडून फुगीर भागावर असेल तर ओलेपणाची आग. तोंडाभोवती, गुदद्वाराभोवती आणि हातापायांवर सोललेले डाग, सोबत जुलाब आणि विरळ होणारे केस, हे जस्ताच्या कमतरतेचं चित्र, दुर्मीळ पण ओळखलं की झटपट सुधारणारं.

तुमच्या ताटाबद्दल मात्र मला चिडून बोलायचंय. पाजणाऱ्या बाईला पाचशे कॅलरीच्या आसपास जास्त लागतात, आणि तुम्ही भाकरी नि मुगाच्या वरणावर आहात. आईच्या खाण्यातून बाळाला त्रास होतो, अगदी होतच नाही असं नाही; गाईच्या दुधातल्या प्रथिनांनी काही बाळांना शीतून रक्त, उलट्या, वजन न वाढणं असं होतं. तुमच्या बाळाला यातलं काहीच नाही. उद्यापासून शेंगदाण्याची चटणी, दही, डाळ सगळं सुरू करा. आणि कुणी रक्ताची मोठी ॲलर्जी तपासणी सुचवली तर आधी विचारा, नेमका कोणत्या पदार्थाचा संशय आहे? संशय नसताना केलेल्या तपासणीत दहा पदार्थ 'पॉझिटिव्ह' येतात, त्यांतले बरेचसे बाळ पुढे आरामात खातं. अहवाल हातात आला की मात्र आईच्या ताटातून आणखी दहा गोष्टी जातात.

खालच्या गोष्टींत मात्र कारण शोधत घरी थांबायचं नाही, रात्र असली तरी निघायचं. तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप. दूध सोडलं, मलूल पडलं. ओठ-डोळे सुजले, श्वासाला आवाज येतोय. कातडी भाजल्यासारखी सुटून येतेय. किंवा जांभळट ठिपके जे काचेचा पेला दाबून धरला तरी विरत नाहीत. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नेहमी लाल दिसत नाही, ती जांभळट, राखी, कधी नुसती काळपट दिसते, म्हणून तळवे आणि पापणीची आतली बाजू बघा. ताप, खोकला, लाल डोळे आणि कानामागून खाली उतरत जाणारं पुरळ म्हणजे गोवर असू शकतो. लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असते, तुमचं बाळ अजून त्या वयाचं नाही.

आता दाखवायला जाण्याआधी एवढं करा. आज रात्री खाज चालू असताना आणि उद्या सकाळी खिडकीच्या उजेडात, असे दोन्ही वेळचे फोटो काढा. तळपाय जवळून, आणि एक फोटो पूर्ण अंगाचा, म्हणजे कुठं नाही तेही दिसेल. तुमच्या मनगटाचाही काढा. नखं कापा, बाळाचीही आणि तुमचीही. जाण्याआधी दोन दिवस अंगाला तेल किंवा पावडर लावू नका, खुणा झाकल्या जातात. नवऱ्याला सोबत न्या, जमलं तर सासूबाईंनाही. आणि लावलेल्या तिन्ही क्रीमच्या नळ्या घेऊन जा, रिकाम्या असल्या तरी.